भुईआवळीला आवतण

सिद्धगडाच्या पायथ्याशी लोक किल्ला चढायला जातात. आम्ही तिघं गेलो ते एक तण उपटून आणायला. माझा थोरला भाऊ वसंत, त्याची बायको आणि मी. सांगलीहून निघताना शेजारच्यांनी विचारलं, "कुठं, देवदर्शनाला का?" मी "हो" म्हणून टाकलं. खरं सांगितलं असतं तर प्रत्येकानं आपापला वैद्य काढून पुढं केला असता, आणि त्या वर्षभरात आमचे वैद्य ऐकून झाले होते.

दादाचं लिव्हर आकसत चाललं होतं. रक्तातून शिरलेली कावीळ कितीतरी वर्षं आत मुरून बसली होती आणि कुणाला पत्ता नव्हता. पत्ता लागला तेव्हा पोटात पाणी साठायला लागलं होतं. आमचे डॉक्टर भला माणूस. त्यांनी खुर्ची पुढं ओढून सांगितलं, "आतलं बिघडलं ते परत सुधारत नाही. बदलायचं म्हटलं तर आपल्या कुणाच्याच आवाक्यातलं नाही. पाण्याच्या गोळ्या चालू, मीठ बंद." आणि वहिनीनं झाडपाल्याचं विचारल्यावर म्हणाले, "भस्मं नकोत. साधा पाला असेल, तर आधार म्हणून घ्या. माझ्या गोळ्या मात्र सोडू नका." वहिनीनं त्यातला फक्त "घ्या" ऐकला. मी फक्त "आधार" ऐकला. नळ गळायला लागला की त्याच्याखाली बादली ठेवतात, तो आधार.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता, भाद्रपद महिना. दादा दारू सोडाच, आयुष्यभर सुपारीसुद्धा न खाल्लेला माणूस. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं प्रत्येक जण विचारणार आहे.

वाशिंद

दादानं वाशिंदच्या एका कारखान्यात बरीच वर्षं नोकरी केली होती. तिथला त्याचा सोबती मधुकर. सिद्धगडाखालच्या एका पाड्यावर त्याचं घर आणि भातशेती, नोकरी वाशिंदला. त्याचाच फोन आला होता: "वसंता, आमच्या तिकडं एक म्हातारा हाय. काविळीचं औषद देतो. ये तू, मी बगतो काय ता."

स्टेशनावर मधुकर उभा होता. दादाला तो लगेच दिसला, पण मधुकरची नजर दादावरून सरळ पुढं गेली आणि मागच्या माणसांत त्याला शोधत राहिली. दादानं हाक मारली तेव्हा तो वळला. मग मधुकरनं दादाच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाला, "चल. चाय घेव."

दादाला आपली जुनी खोली बघायची होती. ती चाळ पाडून तिथं चार मजली इमारत उभी राहत होती. खालच्या मजल्यावर सिमेंट, वरच्या मजल्यावर नुसत्या सळया. दादा तिथं बराच वेळ उभा राहिला. "पेरूचं झाड होतं इथं," तो म्हणाला. मधुकर म्हणाला, "व्हता." मला त्या इमारतीचा विनाकारण राग आला.

रात्री मधुकरच्या खोलीवर मुक्काम. वाशिंदला बोंबील भाजल्याचा वास प्रत्येक दारातून येत होता. दादाला सुकी मासळी जिवापेक्षा प्यारी, आणि ती म्हणजे मिठाचं पोतं. त्यानं खिडकी बंद करायला सांगितलं. आमच्या सांगलीकडं मासळीचा वास आला तर लोक नाकाला पदर लावून खिडकी बंद करतात. दादानं ती कशासाठी बंद केली हे फक्त आम्हाला माहीत होतं.

खर्डी

दुसऱ्या दिवशी मधुकर म्हणाला, पाड्यावर जायच्या आधी खर्डीला एकाला दाखवू. तो नाकात कडू दोडक्याच्या जातीच्या फळाचं पाणी सोडतो आणि नाकावाटे पिवळं पाणी गळून कावीळ उतरते, अशी त्याची ख्याती.

खर्डी सुंदर आहे. कुणी सुखात असेल त्यानं भाद्रपदात जरूर जावं. स्टेशनातून बाहेर पडलं की दोन्ही बाजूंना भात. लवकर तयार होणारं हळवं भात निसवलं होतं, कोवळ्या लोंब्यांचा दुधट वास सगळ्या हवेत भरून राहिला होता. बांधावर तेरडा फुललेला. आमच्याकडं जोंधळ्याचं रान बघायची सवय. ज्वारी उंच आणि रुबाबदार असते. भात गुडघ्याएवढं, पण नजर टाकावी तिथपर्यंत एका पातळीत. वहिनी म्हणाली, "गालिचाच की हो, वन्सं." आजारपण सुरू झाल्यापासून औषधाशिवाय दुसऱ्या गोष्टीबद्दल ती पहिल्यांदाच बोलत होती.

त्या माणसाच्या ओट्यावर पिवळ्या डोळ्यांची रांग बसली होती. पोरं, बाया, एक नवरदेवासारखा हळदीच्या अंगाचा तरुण. एकेकाचं डोकं मागं करून तो नाकात थेंब सोडत होता आणि माणूस उठून भिंतीकडं जाऊन शिंकत होता. आमचा नंबर आला. त्यानं दादाकडं पाहिलं, शर्टाच्या बटणांमधून ताणलेल्या पोटाकडं पाहिलं, आणि हातातली वाटी खाली ठेवली.

"ह्यांना नको."

"का बरं?" वहिनीनं विचारलं.

"नको बाय. ह्यांचं पानी वायलं हाय, येगळं."

रांगेतली एक बाई सहानुभूतीनं म्हणाली, "दारूचा असल. आमच्या दिराला पन असाच झाला व्हता."

"कधी शिवला नाही तो दारूला!" मी एवढ्यानं ओरडले की भिंतीपाशी शिंकणारा माणूस शिंकायचा थांबला. दादानं माझा हात धरला. "सुमे, राहू दे गं. पिऊन तरी बघायला हवी होती, एवढं नाव झालंय तर." तो हसला. आम्ही कुणी हसलो नाही.

ज्यानं आल्यागेल्या प्रत्येकाला थेंब दिले, त्यानं आमच्यापुढं हात आखडता घेतला. डॉक्टरांनी जे खुर्ची पुढं ओढून सांगितलं होतं, ते त्यानं वाटी खाली ठेवून सांगितलं. फुकटचं औषध नाकारलं जाण्याइतकं निराश मला दवाखान्यातही कधी वाटलं नव्हतं.

सिद्धगडाखाली

शहापूरहून जीपनं किन्हवलीवरून मुरबाड आणि तिथून पुढं डोंगराकडं. खड्ड्यांबद्दल लिहीत नाही. प्रत्येक खड्ड्याला दादा पोट दोन्ही हातांनी धरत होता, जसं एखादी पोटुशी बाई धरते. सिद्धगड ढगांत होता. पायथ्याचं जंगल काळंभोर, मधूनच उतारावर सोनकीचे पिवळे पट्टे. पिवळा रंग दिसला की आता मी नजर वळवायची, अगदी फुलांवरूनसुद्धा.

मधुकरचं घर पाड्याच्या टोकाला. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली एक पणती, बाकी भिंती मोकळ्या. मधुकरची बायको वारलेली. मुलगा कल्याणला कामाला जातो, आठवड्यानं येतो. घर चालवते ती सून, रंजना. विशीतली, कामाला चपळ, बोलायला लाजरी.

जेवायला तांदळाची भाकरी, करटोल्याची भाजी, चवळीची आमटी. पहिला घास घेतला आणि मला कळलं की कशातच मीठ नाही. मी दादाच्या ताटाकडं पाहिलं, मग मधुकरच्या. सगळ्यांचं जेवण अळणी.

"अगं, आम्हाला वेगळं चाललं असतं की," वहिनी म्हणाली.

रंजना दारामागून म्हणाली, "मंग काकांना एकट्यानाच बेचव लागला असता."

आमच्या घरी वर्षभर दादाचं ताट वेगळं निघत होतं. नियमानं, काळजीनं, आणि वेगळं. त्या पोरीला जे एका दुपारी सुचलं ते आम्हाला सुचलं नव्हतं. दादा दोन भाकरी जेवला.

शनिवारी दिवेलागणीच्या आधी लहानूबाबा आला. औषध देणारा म्हातारा तो हाच. वरच्या ठाकरवाडीतला, लंगोटीवर जुना कोट घातलेला. स्वभावानं चिडका निघाला. दादाची नाडी धरली नाही, जीभ बघितली नाही. पोटावर एक टिचकी मारली, आवाज ऐकला आणि मधुकरला म्हणाला, "कावीळ मी उतरवतो. ह्या पोटातला पानी माजा नाय."

"थोडा तरी आराम पडंल का?" मधुकरनं विचारलं.

"भूक लागंल. अन्न जाईल. पुढचा मला ठावा नाय."

एवढंच. पण वहिनीचा चेहरा असा उजळला की मी तिच्याकडं बघायचं टाळलं.

मग त्यानं अंगणाच्या कडेला वाकून एक रोप दाखवलं. भुईआवळी. वीतभर उंच, चिंचेसारखी बारीक पानं, आणि पान उलटवलं की पाठीमागं मोहरीएवढ्या हिरव्या आवळ्यांची रांग. आमच्या शाळेच्या मैदानातसुद्धा ही उगवते, मी मुलांकडून ती उपटून घेतलेली आहे.

"हे? एवढ्यासाठी सांगलीहून आलो?" माझ्या तोंडून गेलं.

"तुमच्या तिकडं आवतन कोन देतो?" म्हातारा म्हणाला.

त्यांची रीत अशी. औषधाचं झाड असंच ओरबाडायचं नाही. आदल्या संध्याकाळी त्याच्यापाशी जायचं, तांदळाचे दाणे ठेवायचे, आणि कुणासाठी न्यायचं आहे त्याचं नाव घेऊन सांगायचं, उद्या तुला न्यायला येते. लग्नाचं आवतण देतात तसं. आणि ज्याला आवतण दिलं त्यालाच न्यायचं, शेजारच्याला नाही. मधुकरला हे पटत नव्हतं. "आमी असला काय मानत नाय, वैनी. पाला तो पाला. पन त्याची रीत हाय, तर करून टाका."

अडचण वेगळीच निघाली. ज्या बाईनं औषध पाट्यावर वाटायचं तिनंच नाव घ्यायचं होतं, आणि वहिनीनं लग्नानंतर दादाचं नाव कधी घेतलंच नव्हतं. "अहो", "हे", "तुमचे दादा". नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या आईनं तिच्या मनात घातलेलं. मी म्हटलं, मी घेते नाव. म्हाताऱ्यानं मान हलवली. "वाटनारीन तूच का?"

वहिनी मुठीत तांदूळ घेऊन रोपासमोर बसली. तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. आणि मग तिला नाव घ्यायची जी एकच वाट ठाऊक होती ती तिनं धरली. डोक्यावर पदर घेतला आणि त्या तणाला उखाणा घातला:

"पानामागे आवळे, जशी मोत्यांची रास,
वसंतरावांना बरं कर, एवढीच माझी आस."

क्षणभर कुणालाच काही कळेना. मग रंजना फिस्सकन हसली. मधुकर हसला. चिडका लहानूबाबासुद्धा "असा पन चालंल" म्हणत बोळकं उघडून हसला. ओट्यावर टेकून बसलेला दादा तर पोट धरून हसत होता, खरोखरीच पोट धरून. "काय गं," तो म्हणाला, "एवढ्या वर्षांत माझ्यासाठी नाही केलास एक नवा उखाणा, आणि गवताला केलास?" वहिनी लाजून लाल झाली. मी असं हसणारं घर विसरूनच गेले होते. मला वाटलं, एवढ्यासाठी यायला हरकत नव्हती.

आम्ही झोपायला गेलो तेव्हा दादा वहिनीला म्हणत होता, "पुन्हा म्हण की." तिनं म्हटलं नाही.

रविवार

सकाळी मी उठले ती शेणाच्या ओल्या वासानं. रंजनानं अंगण सारवलं होतं. नुसतं सारवलं नव्हतं, कडेनं वाढलेलं सगळं गवत खुरप्यानं काढून, जमीन चोपून, भिंतीपासून बांधापर्यंत सारवण घातलं होतं. पावसाळ्यात अंगण कोण सारवतं? पण आमच्यासमोर तिला त्या गवताळ अंगणाची लाज वाटत होती. संध्याकाळच्या अंधुक उजेडात म्हाताऱ्यानं नेमकं कुठलं रोप दाखवलं ते तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं. रोप बांधापलीकडचं आहे, अशी तिची समजूत.

वहिनी तांब्या घेऊन बाहेर आली आणि दारातच थांबली. अंगण तळहातासारखं स्वच्छ होतं.

ते रोप आम्हाला उकिरड्यावर सापडलं. मुळं वर, पानं मिटलेली. तांदळाचे दाणे कोंबड्यांनी टिपले होते. रंजनाला कळलं तेव्हा ती खुरपं हातात धरून उभी राहिली आणि रडायला लागली. मी तिला काहीतरी बोलणार होते. माझ्या जिभेवर आलं होतं. मग बिनमिठाची आमटी आठवली आणि मला कुणावर रागावता येईना. राग काढायला माणूस नसणं ही किती वाईट अवस्था आहे, ते मला त्या अंगणात कळलं.

लहानूबाबा आला, उकिरड्याकडं बघितलं आणि थुंकला. "आवतन देऊन पावना हाकलला," म्हणाला.

"अहो, तिथं बांधावर शंभर रोपं आहेत," मी म्हटलं. "तीच वनस्पती, तीच पानं."

"हाईत ना. न्या. पन त्यो नुसता पाला."

"मग पुन्हा बोलावू या. आज संध्याकाळी."

"रयवारी काढायचा आवतन शनवारीच. फुडल्या शनवारी."

पुढच्या शनिवारपर्यंत दादा तिथं थांबू शकत नव्हता. पोट रात्रीत आणखी ताणलं होतं, श्वास वर लागत होता. दोनतीन दिवसांत दवाखान्यात सुई घालून पाणी काढावंच लागणार होतं. तरीही मी वहिनीला म्हणाले, आपण सांगलीला जाऊन आमच्या मैदानातल्या रोपाला आवतण देऊ. तू नाव घे, शनिवार बघून घे, सगळं रीतसर करू. मी, विज्ञान शिकवणारी बाई, हे म्हणत होते.

"नाही," वहिनी म्हणाली. "मी नाव घेतलं म्हणून हे झालं."

"असं काही नसतं गं."

"वन्सं, मी आजवर घेतलं नव्हतं. घेतलं, आणि रात्र उलटायच्या आत ते उपटून फेकलं गेलं. आणखी काय सांगायला पाहिजे त्यानं?"

हे ती माझ्याशी नाही, उकिरड्याशी बोलत होती. दादा ओट्यावरून सगळं ऐकत होता. त्यानं रंजनाला जवळ बोलावलं आणि म्हणाला, "अंगण झकास सारवलंस हो. कारखान्याची फरशी अशी कधी बघितली नाही." ती आणखीच रडली.

मधुकरनं बांधावरची भुईआवळी उपटून ओल्या फडक्यात बांधून दिली. "पाला तो पाला," तो पुन्हा म्हणाला, पण या वेळी आवाजात जोर नव्हता. वहिनीनं गाठोडं घेतलं. म्हाताऱ्यानं कसं वाटायचं ते सांगितलं: मुळासकट, ताकात, अनशापोटी, मीठ नको. निघताना त्यानं दादाच्या खांद्यावर हात ठेवला आणि कोट सावरत वाडीची चढण चढून गेला. सिद्धगड तेवढ्यात ढगांतून बाहेर आला होता. पहिल्यांदाच पूर्ण दिसला. आम्ही कुणीही मान वर करून नीट पाहिलं नाही.

घरी

पाला संपल्यावर मी शाळेच्या मैदानातून आणत गेले. वहिनी रोज वाटत होती, दादा रोज पीत होता. मध्ये काही दिवस भूक सुधारली. तो पाल्याचा गुण की पोटातलं पाणी काढल्याचा, डॉक्टरांना सांगता आलं नाही. "चालू ठेवा, आधार आहे," ते म्हणाले. वहिनी वाटताना तोंडातून अक्षर काढत नसे. पूर्वी ती पाटावरवंट्यावर काहीबाही गुणगुणायची.

मार्गशीर्षात दादा भ्रमात गेला. लिव्हर जे विष अडवतं ते अडवेनासं झालं की डोक्यात चढतं, असं डॉक्टरांनी समजावलं. दवाखान्यात दुपारची वेळ होती. दादा डोळे मिटून पडलेला. मी "दादा, दादा" करत होते. वहिनी "अहो" म्हणत होती. पापणी हलत नव्हती.

"नावानं हाक मारा," डॉक्टर म्हणाले. "कधीकधी नावाला ओ देतात."

मी मारली. "वसंता!" आमची आई मारायची तशी. काही नाही. मी वहिनीकडं पाहिलं. तिनं मान हलवली, नाही. आणखी जोरात हलवली. डॉक्टर दुसऱ्या खाटेकडं गेले. मी खिडकीकडं गेले, कारण मला ते बघवेना. मागून डोक्यावर पदर ओढल्याचा आवाज आला आणि वहिनीचा बारीक आवाज:

"पानामागे आवळे, जशी मोत्यांची रास…"

पुढची ओळ तिनं त्याच्या कानाशी म्हटली. मला ऐकू आली नाही.

दादानं डोळे उघडले. पिवळे, थकलेले, पण ओळखीचे. छताकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. ओठ ओले करून म्हणाला, "उपटलं ना गं ते?"

"नाही हो," वहिनी म्हणाली. "आहे तिथंच. हिरवंगार आहे."

दादानं मान डोलावली आणि डोळे मिटले. पुन्हा नाव घ्यायची वेळ त्यानं तिच्यावर आणली नाही.